जुन्या एसयूव्हीत पाणी कुठे मुरतं आणि सांगाडा कुठे कुजतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस पडून गेला की पायाखालचं कार्पेट ओलं लागतं. पाणी येतं कुठून?

जिथे ओल दिसते तिथेच भोक असतं असं नाही, एवढं आधी लक्षात घ्या. पाणी छतावरच्या शिवणीतून शिरतं, वायरिंगच्या गुंडाळीवरून चार-पाच फूट ओघळत येतं आणि सगळ्यात सखल जागी साचतं. ती सखल जागा बहुतेक वेळा पुढच्या सीटखाली किंवा मागच्या प्रवाशांच्या पायापाशी असते.

गाडी सगळं पाणी बाहेरच्या बाहेर अडवत नाही. सनरूफच्या कडेने, दाराच्या काचेलगत आणि वायपरखालच्या जाळीतून पाणी रोजच आत येतं. ते नळ्यांनी आणि भोकांनी खाली सोडून द्यायची सोय कारखान्यात केलेली असते. म्हणून जुन्या गाडीत गळती सुरू झाली की ‘पाणी शिरलं कुठून’ याच्या आधी ‘पाण्याची बाहेर जायची वाट कुठे तुंबली’ हे पाहावं. पुष्कळ गळत्या सीलंटचा एक थेंबही न वापरता बंद होतात.

ओलीच्या जागेवरून अंदाज असा बांधता येतो. पुढे पायापाशी ओल असेल तर वायपरखालची खोळ, पुढची काच किंवा सनरूफच्या पुढच्या नळ्या. दाराच्या उंबऱ्यालगतच्या पट्टीत असेल तर दाराच्या आतला पडदा. छताच्या कापडावर चहासारखे डाग असतील तर सनरूफ किंवा छतावरच्या कॅरिअरचे बोल्ट. स्टेपनीच्या खळग्यात तळं साचत असेल तर टेललाइट, वरचा ब्रेकलाइट, डिकीचं रबर किंवा मागच्या बंपरआडची हवेची झडप.

हे पावसाचंच पाणी आहे हे कसं ओळखायचं?

बोट बुडवून पाहा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी आणि तेही फक्त एसी चालवल्यावर येत असेल, तर एसीची निचरा नळी तुंबली आहे. ती फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) इंजिनाच्या बाजूला किंवा गाडीच्या पोटाखाली निघते. एसी वीस मिनिटं चालू ठेवूनही खाली थेंब पडत नसेल तर संशय पक्का. बुळबुळीत, गोडसर वासाचं आणि काचेवर आतून तेलकट धुकं आणणारं असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. कूलंट विषारी असतं, त्यामुळे चव घेऊन पाहायची नाही आणि लहान मुलं व पाळीव प्राणी त्यापासून लांब ठेवायचे.

पाण्याचा पाइप लावून तपासणी कशी करायची?

दोन माणसं लागतात, एक बाहेर आणि एक आत टॉर्च घेऊन. आधी आतला भाग पूर्ण कोरडा करा, कडेची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेट उचलून ठेवा आणि संशयाच्या जागी पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. पावडरीवर पाण्याचा माग स्पष्ट उमटतो.

पाइपाला नोझल लावायचं नाही. साध्या पावसासारखी संथ धार हवी. सुरुवात खालून करायची: आधी दाराचा उंबरा, मग दाराचं रबर, मग काचेची खालची कड, मग वरची कड आणि शेवटी छत. प्रत्येक जागी पाच ते दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठलीच जागा खात्रीने सांगता येत नाही. प्रेशर वॉशर तर अजिबात नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो.

गळती सापडत नसेल तर उलटं करून पाहा. सगळ्या काचा बंद, ब्लोअर पूर्ण वेगात, हवा बाहेरून घेण्याच्या स्थितीत. आत हवेचा किंचित दाब तयार होतो. आता बाहेरून काचेच्या कडांना आणि शिवणींना साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे येतील ती वाट.

गाडी उतारावर एकदा नाक वर आणि एकदा नाक खाली करून उभी करणं हीसुद्धा तपासणीच आहे. नाक खाली असतानाच पुढे ओल येत असेल तर शोध निम्मा झाला.

सनरूफचं रबर बदललं तरी गळती थांबली नाही. का?

कारण बहुतेक सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून नळ्या निघतात, मोठ्या गाड्यांत बहुधा चार. पुढच्या दोन काचेलगतच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत मोकळ्या होतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरच्या आडोशाला.

सनरूफ उघडून एका कोपऱ्यात पाव लिटर पाणी हळू ओता. काही सेकंदांत ते गाडीखाली पडायला हवं. पन्हळीत तुंबून राहिलं तर नळी चोंदली आहे. भरभर उतरलं पण गाडीखाली आलंच नाही, तर नळी मध्येच निसटली किंवा तडकली आहे. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ते सगळं पाणी खांबाच्या पोकळीत आणि तिथून उंबऱ्यात जातं.

चोंदलेली नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्राची दोन-अडीच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी उत्तम. टोक मेणबत्तीवर धरून गोल करा, म्हणजे ते नळीला टोचणार नाही. वरून ढकला, मग कोमट पाणी सोडा. कंप्रेसरची हवा मारण्याचा मोह टाळा. जुन्या नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. जोराची हवा मारली की त्या छतात सांध्यापासून निसटतात, आणि मग छताचं कापड उतरवल्याशिवाय काम होत नाही.

खालच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर असतं. सगळा चिखल तिथेच अडतो. चोच चिमटून मोकळी करा. खांबाचं आवरण काढायची वेळ आली तर आधी बॅटरीची ऋण वायर सुटी करा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा, कारण त्याच खांबात पडदा-एअरबॅग असू शकते. नळी त्या एअरबॅगच्या आडवी येणार नाही अशी परत बसवा.

वायपरखालची जागा इतकी महत्त्वाची का?

पुढच्या काचेवरचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि ब्लोअरची हवाही तिथूनच आत जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चक्क काळा गाळ होतो. निचऱ्याची भोकं बुजली की पाण्याची पातळी वाढते आणि हवेच्या तोंडातून पाणी थेट केबिन फिल्टरवर येतं. फिल्टर काढून पाहा; खालच्या अर्ध्या भागावर पाण्याची रेघ असेल तर उत्तर मिळालं. वायपरचे हात आणि प्लास्टिकची जाळी काढून गाळ हाताने उपसा. पाण्याने ढकलू नका, तो भोकात आणखी घट्ट बसतो. याच खोळीच्या तळाशी पत्र्याच्या शिवणीवरचं सीलंट वाळून भेगाळतं, तेही पाहून घ्या.

पुढच्या काचेच्या कडेने पाणी येतं. वरून सीलंट मारलं तर चालेल?

काच पूर्वी कधी बदलली होती का, हे आधी पाहा. काच काढताना पात्याने रंगाला ओरखडे पडतात. त्यावर प्रायमर लावला नाही तर गोंदाखालून गंज सरकत जातो आणि गोंद पत्र्यापासून सुटतो. अशा वेळी वरून काहीही लावलं तरी ते दोन पावसाळे टिकत नाही. काच काढून गंज घासून, प्रायमर लावून, नव्या युरेथेनने (काच चिकटवायच्या गोंदाने) बसवणं हाच उपाय.

ही नुसती पाण्याची गोष्ट नाही. चिकटवलेली काच गाडीच्या सांगाड्याला ताठपणा देते आणि अनेक गाड्यांत प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग फुगताना काचेचा आधार घेते. म्हणून गोंदाच्या डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत गाडी हलवू नका. तापमान कमी किंवा हवा फार कोरडी असेल तर युरेथेनला जास्त वेळ लागतो.

दाराचं रबर चांगलं आहे, तरी उंबरा भिजतो.

दाराच्या आतल्या पडद्याकडे पाहा. काचेलगत आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि ते केबिनच्या बाजूला येऊ नये म्हणून प्लास्टिकचा पडदा ब्युटाइलच्या (चिकट, मऊ रबराच्या) दोरीने चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा काचेची मोटर बदलताना कुणीतरी तो उचकटतो आणि तसाच दाबून टाकतो. जुनी दोरी धूळ धरल्यावर पुन्हा चिकटत नाही.

पडदा काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडा पुसा, सहा ते आठ मिलिमीटरची नवी ब्युटाइल दोरी सलग लावा, हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या आणि बोटाने दाबत जा. पडद्याची खालची कड दाराच्या पत्र्यातल्या खाचेत आत वळलेली असली पाहिजे. ती बाहेर राहिली तर पडदाच पन्हळीसारखा वागून पाणी केबिनमध्ये ओततो. तळाची भोकं प्लास्टिकच्या पट्टीने मोकळी करायला विसरू नका.

दाराचं रबर मात्र कागदाने तपासा. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. कागद अडत-अडत यायला हवा. दर दहा-पंधरा सेंटिमीटरला हे करा.

डिकीत पाणी येतं. कुठून सुरुवात करावी?

टेललाइट काढा. मागचं फोमचं पॅकिंग चपटं होऊन कडक झालेलं असतं; ते ब्युटाइल टेपने बदलता येतं. मग वरचा ब्रेकलाइट. त्यानंतर मागच्या वायपरची पाण्याची नळी. ती छत आणि डिकीचं दार यांच्यामधल्या रबरी नळकांड्यातून जाते आणि हजारो वेळा वाकून नेमकी तिथे तुटते. खूण सोपी: पाऊस नसताना, मागची काच धुतल्यावरच छताचं कापड भिजतं. तिथल्या वायरींचं आवरणही त्याच वळणावर तडकतं, तेव्हा त्याही पाहा.

मागच्या बंपरआड दोन्ही बाजूंना रबरी झडपा असतात. दार लावताना केबिनमधली हवा त्यांतून बाहेर जाते. मागून धक्का बसून डेंटरकडे गेलेल्या गाडीत त्या कित्येकदा वाकड्या बसवलेल्या किंवा गायबच असतात.

डिकीच्या गळतीकडे दुर्लक्ष करू नका असं आम्ही कळकळीने सांगतो. गाडी धावताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. ज्या फटीतून पाणी येतं तिथून कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. त्याला वास नसतो. मागच्या प्रवाशांना डोकेदुखी किंवा मळमळ होत असेल तर ही फट आधी बुजवा आणि सायलेन्सरचे जोड तपासा.

सिलिकॉन कुठे चालतं?

पत्र्याच्या कामात कुठेच नको. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. शिवाय त्याच्यावर पुढे ना रंग चिकटतो ना दुसरं सीलंट. शिवणींना पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर, काचेला युरेथेन, दिवे, कॅरिअर आणि पडद्याला ब्युटाइल. सीलंट नेहमी बाहेरून लावायचं. आतून लावलं तर पाणी दिसायचं थांबतं, पण ते दोन पत्र्यांच्या मध्ये अडकून पडतं, आणि सांगाडा कुजायला तिथूनच सुरुवात होते.

कार्पेट उन्हात गाडी ठेवून वाळेल का?

वरून वाळेल. खालचा फोम वाळणार नाही. तो स्पंजासारखा काही लिटर पाणी धरून ठेवतो आणि वरचं कापड हाताला कोरडं लागत असताना खाली पत्रा महिनोन्महिने ओला राहतो. सीट आणि उंबऱ्याच्या पट्ट्या काढून कार्पेट बाहेर काढा, व्हॅक्यूमने पाणी ओढा, फोम उभा टांगून पंख्यापुढे तीन-चार दिवस ठेवा. बुरशीचा वास धरलेला फोम टाकून नवा घालावा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात. बॅटरी सोडल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

कार्पेट निघालेलंच आहे तर त्याखालचे वायरींचे जोड उघडून पाहा. हिरवी-पांढरी पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा. मधूनच लागणारी सेंट्रल लॉकिंग, आपोआप पेटणारे दिवे, रात्रीत उतरणारी बॅटरी, या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

माझ्या गाडीला वेगळी चासी आहे की बॉडी आणि चासी एकच?

गाडीखाली वाकून पाहा. पुढून मागे जाणारे दोन जाड लोखंडी तुळयांसारखे भाग आणि त्यांच्यावर रबराच्या गुट्ट्यांवर टेकलेली बॉडी दिसली तर ती शिडीसारखी चासी. तसं नसेल तर मोनोकॉक, म्हणजे पत्र्याच्या बॉडीवरच सगळा भार. फरक महत्त्वाचा आहे: मोनोकॉकमध्ये कुजलेला उंबरा ही दिसण्याची खोट नसते, गाडीची ताकदच गेलेली असते.

गंज वरवरचा आहे की खोल, हे कसं ओळखावं?

दोन-तीनशे ग्रॅमचा हातोडा आणि टोच्या घ्या. गाडी जॅकवर नाही, भक्कम स्टँडवर किंवा लिफ्टवर हवी, डोळ्यांवर चष्मा हवा. दर पाच सेंटिमीटरला हलकेच ठोका. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे टोच्या दाबा. नुसती लाल पूड निघाली तर वरवरचा गंज. पापुद्रे सुटले तर घासून उरलेली जाडी मोजा. टोच्या आत गेला तर लोखंड तिथे उरलेलंच नाही.

चासी आतून कुजते. तुळया पोकळ असतात, भोकांतून चिखल आत जातो आणि जिथे तुळई वळते, म्हणजे मागच्या अक्षावरच्या चढापाशी, तिथे साचून राहतो. समुद्राकाठची हवा आणि बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ हे काम झपाट्याने करतात. ठोकायच्या जागा: पुढच्या चाकांमागे बॉडी टेकते ते ब्रॅकेट, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, मागच्या आर्मचे (मागचा अक्ष चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट, पेट्रोलच्या टाकीवरचा भाग, स्टेपनीजवळचा आडवा मेंबर. मोनोकॉकमध्ये उंबरे, जॅक लावायच्या जागा, शॉक अब्सॉर्बरचे वरचे बुरूज आणि सीटबेल्टचे बोल्ट. चासीलगत जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्याही त्याच वेळी हाताखालून घाला.

नवं काळं कोटिंग मारलेली गाडी जास्त बारकाईने ठोका. गंजावर मारलेलं जाड कोटिंग ओल आत कोंडतं आणि निचऱ्याची भोकंही बुजवतं. पुट्टी भरली असेल तिथे चुंबक धरत नाही.

ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत स्टीअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक आणि सीटबेल्टच्या जोडांपासून 30 सेंटिमीटरच्या आतल्या गंजाकडे वेगळ्या, कडक नजरेने पाहतात. तुम्ही कुठेही असा, हाच नियम धरा. या टापूत भोक असेल तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणू नये.

दारं नीट लागत नाहीत, काच पुन्हापुन्हा तडकते. सांगाडा ढिला झालाय का?

आधी साध्या गोष्टी: बिजागरीची पिन आणि बॉडीखालच्या रबरी गुट्ट्या. त्या ठीक असतील तर दार उघडून-लावून पाहा, मग त्याच बाजूचा मागचा कोपरा जॅकने चाक सुटेपर्यंत उचला आणि पुन्हा दार लावा. फट थोडी बदलणं चालेल. दार घासायला किंवा अडायला लागलं तर बॉडी वाकते आहे. काचेला दगड न लागता कडेपासून चीर जात असेल तर हाच संशय, किंवा काचेखाली गंज फुगलाय.

चासीचे कर्ण मोजा. दोन्ही बाजूंची सारखी कारखान्याची भोकं निवडा, ओळंब्याने जमिनीवर खुणा उतरवा आणि कर्णांची लांबी ताडून पाहा. फरक तीनेक मिलिमीटरच्या आत असेल तर निर्धास्त राहा, सहाच्या वर गेला तर योग्य यंत्रावर मोजून घ्या.

स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असेल तर बिजागरीभोवती पत्र्याला चिरा पडतात, दार खाली उतरतं, रबर दबत नाही आणि पाणी येतं. नुसतं रबर बदलून इथे काहीच होत नाही.

चीर किंवा भोक वेल्डिंगने भरता येतं?

येतं, पण नुसती चीर वरून भरली तर ती शेजारून पुन्हा जाते. रंग काढून लाल-पांढऱ्या डाय स्प्रेने (चिरेत शिरून ती रंगाने उठवून दाखवणाऱ्या फवाऱ्याने) चिरेचं खरं टोक शोधा, टोकाला तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा, चीर इंग्रजी व्हीच्या आकारात घासा, भरा आणि वर पट्टी जोडा. चीर का पडली तेही शोधा: मेलेला बुश (जोडातलं रबर), शॉक अब्सॉर्बरचा ढिला बोल्ट, कायमचं जादा वजन.

भोकाच्या बाबतीत कुजका भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून टाका. पट्टी मूळ जाडीचीच हवी, चारही बाजूंनी सुमारे 25 मिलिमीटर पुढे गेलेली आणि कोपरे गोल केलेली. चौकोनी कोपऱ्यावर ताण गोळा होतो. वेल्ड शेवटी सलग हवं, पण करताना दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे आलटून-पालटून करा म्हणजे पत्रा तापून वाकणार नाही. बॅटरी सुटी, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, इंधनाची टाकी आणि नळ्या बाजूला, आग विझवायचं सिलिंडर हाताशी. फायबर आणि पुट्टी भार घेणाऱ्या भागावर कधीच नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा गंज येऊ नये म्हणून काय करावं?

वेल्डच्या आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो. गंज तिथूनच परत येतो. चासी आतून धुऊन दोन-तीन दिवस वाळवा आणि लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळीत मारायचं मेण आत सोडा. निचऱ्याची भोकं नंतर तारेने मोकळी करा. ब्रेक आणि सायलेन्सरवर मेण उडू देऊ नका. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पाहा.

हा माझ्याच गाडीचा दोष आहे की मॉडेलचा?

काही दोष मॉडेलसोबतच येतात. 2002 ते 2005 च्या फोर्ड एक्सप्लोररमध्ये मागच्या काचेखालच्या पॅनेलला चीर जाण्याच्या तक्रारी मालकांनी मोठ्या संख्येने केल्या. जुन्या लँड रोव्हर डिस्कव्हरीत छताच्या कडेच्या लहान काचा गळतात हे त्या गाडीच्या मालकांना चांगलं ठाऊक असतं. टोयोटाने अमेरिकेत चासीच्या गंजाच्या दाव्यात 2016 साली तडजोड केली. तिच्यात 2005 ते 2008 च्या सेक्वोया एसयूव्हीचाही समावेश होता. म्हणून खर्च करण्याआधी 17 अक्षरी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने ती परत बोलावली आहे का, ते तपासा. जुनी गाडी आहे म्हणून रिकॉल नसेल असं धरून चालू नका.

अशा दोषाची तक्रार नोंदवताना काय लिहावं?

व्हिन, किलोमीटर, दोष पहिल्यांदा दिसल्याची तारीख, गाडी कुठल्या हवामानात वापरली आणि त्या भागाची आधी दुरुस्ती झाली होती का. फोटो तीन काढा: संपूर्ण गाडी, दोषाचा भाग लांबून आणि तोच जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. ‘चासी गंजली आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘डाव्या तुळईला मागच्या आर्मच्या ब्रॅकेटपुढे 4 सेंटिमीटरवर 15 मिलिमीटरचं आरपार भोक’ असं लिहा. वेल्डिंग करायच्या आधी हे फोटो काढा आणि कापून काढलेला तुकडा तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.